चालताना कीटक मिशांनी वाट कशी चाचपतात, आणि ते नीट कसं बघायचं

प्रश्न असा आहे: झुरळ किंवा काडीकिडा चालताना मिशा सारख्या हलवत असतो. या मिशा फक्त वासासाठी असतात, की दृष्टिहीन माणूस पांढरी काठी वापरतो तसा त्यांचा वाट काढायलाही उपयोग होतो? तसं असेल तर मिशीला काही लागलं हे पायाला कसं कळतं? आणि बी.एस्सी.च्या छोट्या प्रकल्पात यातलं काही मोजता येईल का?

काठीची उपमा चालेल, पण ती पुरती घ्यायला हवी. काठीच्या टोकाला स्वतःला काही कळत नसतं. मनगट आणि खांदा कुठल्या कोनात आहेत हे माहीत असतं, म्हणून टोकाला लागलेला दगड कुठे आहे ते समजतं. मिशीचंही तसंच आहे. नुसतं 'लागलं' एवढं कळून चालण्याच्या कामाला काही उपयोग नाही. लागलं तेव्हा मिशी कुठे होती हेही कळावं लागतं. म्हणून मिशी समजून घ्यायची तर टोकाकडे नंतर बघा, आधी तिचं बूड बघा.

शृंगिकेचे, म्हणजे मिशीचे, तीन भाग असतात. डोक्याला जोडलेला जाडसर खंड म्हणजे स्केप, त्यापुढचा आखूड खंड पेडिसेल, आणि त्याच्या पुढे बारीक होत गेलेला लांब भाग फ्लॅजेलम. पेरिप्लॅनेटा अमेरिकाना या झुरळात, म्हणजे आपल्याकडे गटारात आणि मोरीत दिसणाऱ्या मोठ्या तांबूस झुरळात, फ्लॅजेलमला दीडशेच्या आसपास कड्या असतात. पण स्नायू फक्त बुडाशी. डोक्यातले स्नायू स्केप हलवतात, स्केपमधले स्नायू पेडिसेल हलवतात, आणि फ्लॅजेलममध्ये एकही स्नायू नाही. (स्प्रिंगटेलसारख्या दूरच्या नातलगांत खंडाखंडात स्नायू असतात, झुरळ, मुंगी, भुंगेरा, टोळ यांच्यात नाहीत.) त्यामुळे झुरळाला मिशीचं टोक आपणहून वाकवता येत नाही. टोक वाकलेलं दिसलं तर ते बाहेरच्या कशाने तरी वाकवलेलं असतं, आणि झुरळाला हवी असलेली माहिती नेमकी त्या वाकण्यातच असते.

ती माहिती टिपणारी यंत्रणा दोन ठिकाणी आहे. बुडाच्या दोन्ही सांध्यांवर बारीक केसांचे पुंजके असतात. सांधा वळला की आवरणाची कड या केसांवर सरकते, काही केस दाबले जातात, काही मोकळे होतात, आणि त्यावरून सांध्याचा कोन कळतो. पेडिसेलच्या आत जॉन्स्टनचा अवयव असतो. बाल्टिमोरचे डॉक्टर ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी 1855 मध्ये डासात त्याचं वर्णन केलं आणि नाव तिथून पडलं. फ्लॅजेलम पेडिसेलवर जरा जरी डुलला, थरथरला तरी हा अवयव ते पकडतो. शिवाय पेडिसेलच्या आवरणावर ताण मोजणारे घुमटाकार संवेदक असतात. हे सगळं बुडाचं झालं. फ्लॅजेलमवर हजारो राठ केस असतात. झुरळात त्यातल्या बहुतेकांच्या बुडाशी स्पर्शाची एक पेशी आणि केसाच्या आत चवीच्या काही पेशी. म्हणजे वस्तूला हात लावणं आणि तिची चव घेणं एकाच क्षणी होतं. कड्यांच्या कडांवरही संवेदक आहेत. दोन शेजारच्या कड्या एकमेकींशी किती वाकल्या हे त्यांना कळतं.

यातल्या बुडाच्या पुंजक्यांचं महत्त्व जपानमधल्या जिरो ओकादा आणि योशिहिरो तो यांनी 2000 मध्ये दाखवलं. झुरळाच्या मिशीला एखादी वस्तू लागली की ते तिच्या दिशेला वळतं. स्केपवरचे केसांचे पुंजके काढून टाकल्यावर हे वळणं बिघडलं. फ्लॅजेलम शाबूत होता, स्पर्श होत होता, तरी दिशा चुकत होती.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते काडीकिड्यात, कारण तो सावकाश चालतो. जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा कॅराउसियस मोरोसस हा मूळचा आपल्याच देशातला, तामिळनाडूतल्या पळणी डोंगरातल्या शेंबागनूरचा. पाळलेल्यांत जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवायच अंडी घालतात. दिवसा हा किडा पुढचे पाय समोर ताणून, मिशा त्यांच्यामध्ये दडवून काडी होऊन बसतो आणि चालतो रात्री. डोळ्यांचा फारसा भरवसा नसलेल्या या प्राण्याच्या मिशांवर जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात फोल्कर ड्युर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे.

त्यांच्या कामातल्या तीन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, चालताना मिशीचे दोन्ही सांधे सतत लयीत हलतात, आणि ही लय पायांच्या लयीशी जुळलेली असते. मिशी आपली आपली भटकत नाही. पुढचा पाय ज्या भागात पडणार तो भाग ती आधी झाडून घेते. तिचा पल्लाही पुढच्या पायाच्या पल्ल्याशी जवळपास जुळतो, त्यामुळे मिशीला जे लागतं ते पायाच्या आवाक्यातलं असतं. आवाक्याबाहेरच्या फांदीची खबर मिळून काडीकिड्याला करायचं काय?

दुसरी गोष्ट सांध्यांच्या रचनेची. दोन्ही सांधे बिजागरीचे, म्हणजे एकेका अक्षाभोवतीच फिरणारे. पण हे दोन अक्ष एकमेकांना काटकोनात नाहीत, तिरके आहेत. काटकोनात असते तर मिशी जास्त दिशांना पोचली असती. तिरकेपणामुळे काही दिशा सुटतात, पण उरलेल्या भागात सांध्याच्या तेवढ्याच वळण्यात टोक जास्त बारकाईने हवं तिथे नेता येतं. क्राउझे आणि ड्युर यांनी हा हिशेब 2004 मध्ये मांडला.  

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या मधल्या भागाचं उत्तर आहे. चालत्या काडीकिड्याच्या वाटेत उभी काडी ठेवली आणि तिला आधी मिशी लागली, तर हवेत उचललेला पुढचा पाय मधेच मार्ग बदलून त्या काडीकडे जातो. म्हणजे नेहमीचं पाऊल पूर्ण करून मग पुढच्या पावलाला विचार करणं, असं नाही. चालू पाऊलच वळवलं जातं. स्पर्शापासून वळण्यापर्यंत 40 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ पुरतो. पायरी आली तरी तेच. मिशी पायरीच्या कडेला लागते, मग पटापट आखूड टपल्या मारते, मिशीचा झाडण्याचा पट्टा बदलतो, आणि पुढचा पाय नेहमीपेक्षा उंच उचलला जातो. दरी ओलांडतानाही पलीकडच्या कडेला मिशी टेकली की पाय तिकडे झेपावतो. स्केपवरचे पुंजके काढले की मिशीचा झाडण्याचा पट्टा बदलतो, ती नेहमीपेक्षा वरच्या बाजूला भरकटते. म्हणजे हे पुंजके मिशी कुठे आहे हे सांगतात आणि तिला मर्यादेत ठेवण्याचं कामही तेच करतात.

मिशी आणि पाय यांचं नातं किती जुनं आहे याचा एक विचित्र पुरावा याच किड्यात मिळतो. पिल्लाची मिशी बुडापाशी छाटली, तर कात टाकल्यानंतर तिथे कधी कधी मिशीऐवजी पायासारखा अवयव उगवतो, नखांसकट. ही गोष्ट शंभरहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. मिशी हा मुळात पायाच्याच मालिकेतला अवयव, त्यामुळे दोघांचा ताळमेळ बसण्यात नवल नाही.

झुरळाचं गणित वेगळं आहे, कारण ते पळतं. अमेरिकन झुरळ सेकंदाला दीड मीटरपर्यंत धावू शकतं. एवढ्या वेगात मिशी वरखाली हलवून झाडत बसायला वेळच नसतो. म्हणून पळताना ते मिशा समोर-बाजूला धरून ठेवतं आणि भिंतीच्या कडेने जाताना त्या बाजूची मिशी भिंतीवर घासत ठेवतं. घासणारी मिशी मागे वाकते. भिंत जवळ आली की वाक डोक्याकडे सरकतो, लांब गेली की टोकाकडे. जेरुसलेमच्या जेफ्री कॅमही आणि जॉन्सन यांनी 1999 मध्ये दाखवलं की अशा वेळी झुरळ सेकंदाला 25 पर्यंत बारीक वळणं घेऊन भिंतीपासूनचं अंतर सांभाळतं. नोआ कोवन, रॉबर्ट फुल आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये यातला पुढचा मुद्दा पकडला: नुसत्या अंतरावर वळणं बेतली असती तर एवढ्या वेगात झुरळ भिंतीला लागून नागमोडी हेलकावत राहिलं असतं. ते हेलकावत नाही, कारण अंतर किती वेगाने बदलतंय हेही त्याच्या वळण्यात धरलेलं असतं. ज्यांनी रेषेवरून चालणारा रोबो बनवला आहे त्यांना हा फरक लगेच कळेल.

या मिशीच्या घडणीत एक हुशारी आहे जी मेंदूत नाही. फ्लॅजेलम बुडाशी ताठ आणि टोकाकडे झपाट्याने लवचीक होत जातो, त्यामुळे भिंतीला टेकल्यावर त्याला स्वच्छ वळसा पडतो. धक्का बसून मिशी हलली तरी ती फार न डुलता जागेवर येते. शिवाय तिच्यावरचे राठ केस टोकाच्या दिशेला झुकलेले असतात. भिंत खडबडीत असेल तर हे केस खाचांत अडकतात, आणि झुरळ पुढे जाताना मिशी उलटून टोक मागे जातं. मोंगो आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लेसरने केस उडवून हे तपासलं. केस नसले की मिशी अशी उलटत नाही. तुमच्या प्रकल्पासाठी हे थेट महत्त्वाचं आहे. गुळगुळीत काचेच्या भिंतीशी आणि विटेच्या भिंतीशी तेच झुरळ मिशी वेगवेगळ्या आकारात धरेल, आणि त्यात झुरळाच्या 'निर्णयाचा' काही संबंध नसेल.

मिशी नेहमीच वापरली जाते असंही समजू नका. जीव वाचवायला पळणारं अमेरिकन झुरळ समोरच्या भिंतीवर चक्क डोकं आपटतं आणि त्याच धक्क्यात शरीर वर वळवून भिंत चढू लागतं. जयराम, फुल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हे मोजलं. धडकेने झुरळाचं फारसं काही बिघडत नाही. हलक्या, मजबूत कवचाच्या प्राण्याला ते परवडतं. म्हणून हाकलून पळवलेल्या झुरळाचे व्हिडिओ काढून मिशांबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

सावकाश चालणाऱ्या झुरळात मात्र मिशी खरोखर निवड करते. क्लीव्हलंडच्या रॉय रिट्झमन यांच्या प्रयोगशाळेत ब्लॅबेरस डिस्कॉइडालिस या जातीच्या वाटेत आडवी फळी ठेवली होती. खालून सरपटत जाता येईल आणि वरूनही चढता येईल अशा उंचीवर. मिशी फळीच्या वरच्या बाजूला लागली तर झुरळ बहुधा चढतं, खालच्या बाजूला लागली तर बहुधा खालून जातं. उजेडाचाही परिणाम होतो: उजेडात खालून जाण्याकडे कल वाढतो. हार्ली, इंग्लिश आणि रिट्झमन यांचं हे काम 2009 सालचं आहे.

स्पर्शाचा आणखी एक पैलू. क्रिस्टोफर कोमर यांच्या प्रयोगांत झुरळाच्या मिशीला लांडगा कोळ्याचा स्पर्श झाला तर ते उलट दिशेला पळालं, दुसऱ्या झुरळाचा झाला तर बहुधा पळालं नाही. 'कोण' हे फ्लॅजेलमवरून आणि 'कुठे' हे बुडावरून कळतं, अशी ही विभागणी आहे. माहितीच्या वाटाही वेगळ्या: वासाची मेंदूतल्या एका भागात, स्पर्शाची दुसऱ्या भागात, आणि स्पर्शाच्या भागातून जाड तंतूंच्या चेतापेशी थेट छातीतल्या गुच्छिकांपर्यंत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींपर्यंत, उतरतात, जिथून पाय चालतात. एवढ्या थोड्या वेळात पाय वळतो तो या थेट वाटेमुळे.

बाकीच्यांबद्दल थोडंच. टायगर बीटल भर उन्हात, चांगल्या डोळ्यांनी शिकार करतो, पण धावताना त्याचा वेग इतका असतो की समोरचं चित्र धूसर होतं. झुरेक आणि गिल्बर्ट यांनी 2014 मध्ये दाखवलं की हा भुंगेरा धावताना मिशा समोर, जमिनीच्या जरा वर, अगदी ताठ धरतो, हलवत नाही. डोळे रंगवून बंद केले तरी मिशा असलेले भुंगेरे अडथळा सांभाळून पार करत होते. मिशा नसलेले त्यावर आदळत होते. मुंग्या-मुंगळ्यांच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, कारण त्यांचा स्केपच लांब असतो. त्या टोकं जमिनीवर आपटत गंधरेषेवरून चालतात, आणि तिथे स्पर्श आणि वास वेगळे काढणं अवघड असतं. नवशिक्याने मुंगीपासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. लहान, वेगवान, आणि कशामुळे वळली ते सांगता येत नाही.

आता प्रकल्प. प्राणी अमेरिकन झुरळ घ्या. तोंडाशी आतून दोन सेंमी व्हॅसलिनचा पट्टा लावलेली बरणी, तळाला पाव आणि केळ्याची साल, बाहेरून चढायला कागद गुंडाळलेला. रात्री मोरीजवळ ठेवली की सकाळपर्यंत काम होतं. औषध फवारलेल्या घरातलं झुरळ घेऊ नका, त्याच्या मिशा कंप पावतात आणि पाय अडखळतात. दोन्ही मिशांची लांबी मोजा. टोक तुटलेलं असणं ही रोजची गोष्ट आहे. पिल्लाची मिशी पुढच्या काती टाकताना भरून येते, प्रौढाची नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत काडीकिडे सहज दिसतात आणि तेही उत्तम, पण अभयारण्यातून उचलू नका, आणि ज्या झाडावर सापडला त्याच झाडाचा ताजा पाला द्या. हातमोजे घाला, झुरळाच्या कवचाच्या भुकटीने अनेकांना दमा-ॲलर्जीचा त्रास होतो.

सगळ्यात सोपा आणि भरपूर नोंदी देणारा प्रयोग फळीचा. 60 सेंमी लांब, 8 सेंमी रुंद, 6 सेंमी उंच भिंतींची पन्हळ करा. मधोमध दोन मिमी जाडीची पुठ्ठ्याची फळी आडवी बसवा, खालची कड जमिनीपासून 8 ते 10 मिमी. उंची प्राण्याच्या डोक्याच्या पातळीला आली पाहिजे. त्याहून वर गेली तर सगळेच खालून जातात, खाली आली तर सगळेच चढतात, आणि मोजायला काही उरत नाही. काडीकिड्यासाठी पन्हळ नको. 4 सेंमी रुंद उंच पट्टी आणि तिच्यावर 8, 24 आणि 48 मिमीच्या पायऱ्या पुरतात.

चित्रण बाजूने आणि वरून, दोन्ही हवं. दुसरा कॅमेरा नसेल तर पन्हळीची एक भिंत पारदर्शक ठेवून बाहेर 45 अंशांत आरसा लावा. फक्त वरून घेतलं की मिशी फळीच्या वर आहे की खाली हे कळत नाही, आणि नेमका तोच प्रश्न असतो. फोनवर सेकंदाला 240 फ्रेम ठेवा: दोन फ्रेममध्ये सुमारे 4 मिलिसेकंद, म्हणजे 40 मिलिसेकंदांचा प्रतिसाद दहाएक फ्रेममध्ये उलगडतो. साध्या 30 फ्रेमवर तो एकाच फ्रेममध्ये संपतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं किंवा त्याहून कमी. सेकंदाला 50 सेंमी चालणारं झुरळ तेवढ्या वेळात अर्धा मिमी सरकतं, तेवढा धूसरपणा चालतो. दिवा लाल एलईडीचा, कारण झुरळाला लाल रंग फारसा दिसत नाही. तो बॅटरीवर चालवा. घरच्या विजेवरचे स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि 240 फ्रेमवर अख्खा व्हिडिओ पट्टेपट्टे होतो. जमिनीवर आलेखाचा कागद पसरा, मोजपट्टीही तीच आणि पार्श्वभूमीही.

प्राणी ठेवून अंधारात 15 ते 20 मिनिटं सोडा. मग तो आपणहून चालेल. पंखा बंद, खिडकी बंद: झुरळाच्या शेपटीकडच्या सर्सायना, म्हणजे मागच्या दोन केसाळ शेपट्यांना, वाऱ्याची जराशी झुळूक पुरते आणि ते पळत सुटतं. खोलीचं तापमान 25 अंशांच्या आसपास आणि सगळ्या दिवशी सारखं ठेवा, कारण थंडीत पावलांचा आणि मिशांचा दोन्हींचा वेग उतरतो.

मिशीचा वाटा वेगळा काढायचा तर तिला कापू नका. कापल्याने जखम, दाह, आणि वास-स्पर्श दोन्ही जातात; निकालाचा अर्थ लावता येत नाही. प्राण्याला फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) पाच ते दहा मिनिटं गार करा. मग तापवलेल्या सुईच्या टोकावर मधमाश्यांचं मेण घेऊन स्केप-पेडिसेलच्या सांध्यावर भिंगाखाली एक बारीक ठिपका ठेवा. फ्लॅजेलम मोकळा राहतो, स्पर्श होतो, पण सांधा वळत नाही. नखपॉलिश वापरू नका. त्यातल्या द्रावकाची वाफ मिशीला तासभर बधिर करते की आणखी काही करते हे ओळखता येणार नाही. दुसऱ्या गटात तेवढंच मेण डोक्यावर, सांध्याला न लावता ठेवा, कारण गार करणं, हाताळणं आणि मेणाचं वजन यांचा परिणाम वजा करायला दुसरा मार्ग नाही. अर्धा तास जाऊ द्या, मग चालवा.

डोळे झाकायचे असतील तर पाण्यात विरघळणारा काळा ॲक्रिलिक रंग, दोन हात. इथे हमखास चुकतं ते असं: संयुक्त डोळे रंगवले जातात आणि मिशीच्या बुडाजवळचे दोन फिकट ठिपके, म्हणजे साधे डोळे, तसेच राहतात. उजेड-अंधार त्यांना कळतो, आणि फळीच्या प्रयोगात उजेडाचा परिणाम होतो हे वर आलंच आहे. रंगवताना थेंब स्केपवर ओघळला तर तो प्राणी बाद करा.

झुरळ निसटू नये म्हणून पन्हळीच्या भिंतींनाही आतून व्हॅसलिनचा पट्टा लावाल, पण त्याला मिशी लागली की झुरळ थांबतं, पुढच्या पायाने मिशी वाकवून तोंडात धरतं आणि बुडापासून टोकापर्यंत ओढून साफ करतं. हे निरुपयोगी वागणं नाही. साफसफाई रोखलेल्या झुरळांच्या मिशांवर मेणकट थर साठतो आणि वास कमी पकडला जातो, हे 2013 मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं आहे. तुमच्या दृष्टीने मात्र तो व्हिडिओ वाया गेला. म्हणून पट्टा भिंतीच्या अगदी वरच्या कडेला ठेवा, मिशीच्या पातळीला नको, आणि साफसफाई झाल्यावर दोन मिनिटं थांबून मगच नोंद सुरू करा.

मोजणीला ट्रॅकर हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. प्रत्येक फ्रेममध्ये चार बिंदू टिपा: डोक्याचं टोक, मिशीचं बूड, मिशीचं टोक, पुढच्या पायाचं नख. स्पर्श कशाला म्हणायचं हे व्हिडिओ बघण्याआधी लिहून ठेवा. माझी पसंती अशी: मिशीचा मोकळा वाक बदलला, किंवा टोक थांबलं आणि बूड पुढे गेलं, तरच स्पर्श, नुसती सावली जुळली म्हणून स्पर्श धरू नये. पहिला स्पर्श वर, खाली की समोरच्या कडेवर, आणि शेवटी चढलं की खालून गेलं, एवढे दोन रकाने झाले की एक तक्ता तयार होतो. एका झुरळाच्या दहा फेऱ्या म्हणजे दहा झुरळं नव्हेत. प्राणी किमान आठ-दहा घ्या आणि प्रत्येकाची सरासरी वेगळी काढा, नाहीतर एका हट्टी प्राण्याची सवय सगळ्या जातीची म्हणून छापली जाईल.

काडीकिड्याच्या नोंदींत एक प्रकार गोंधळात टाकतो. मिशी काडीला लागलेली दिसते आणि तरीही पाय नेहमीच्याच जागी पडतो. अशा वेळी पाय कुठल्या टप्प्यात होता ते बघा. पाय टेकायच्या आधी जेमतेम पाच-सहा फ्रेम स्पर्श झाला असेल तर वळायला वेळच नव्हता; अशा नोंदी वगळू नका, वेगळ्या रकान्यात टाका आणि त्यापुढचं पाऊल तपासा. पाय जमिनीवर असताना झालेला स्पर्श हा आणखी तिसरा प्रकार, कारण तिथे प्रतिसाद पुढच्या उचलीत, उंचीच्या रूपात दिसतो, आणि वरच्या कॅमेऱ्यात तो दिसतच नाही, आरशातच बघावा लागतो.